बेनायून की श्पीगलर? इस्राएलचा सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण

दिमोनाकर

शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या घरात हा वाद हमखास निघतो. परवाही निघाला, म्हणून इथे मांडतोय.

युएफाला, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाला, ५० वर्षं झाली तेव्हा प्रत्येक देशाच्या फुटबॉल संघटनेने आपला त्या ५० वर्षांतला सर्वोत्तम खेळाडू निवडला होता. इस्राएलने मोर्देखाय श्पीगलरचं नाव दिलं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आज पुन्हा निवड करायची झाली तर माझं मत योस्सी बेनायूनला.

मी दिमोनाचा. वडील पेणजवळच्या गावातून इथे आले आणि कापडगिरणीत लागले. गावात मोरोक्कोहून आलेली कुटुंबं पुष्कळ, आणि आमच्यासारखे मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यूही पुष्कळ. मोरोक्कन पोरं फुटबॉल खेळायची, आम्ही क्रिकेट. मोकळी जागा एकच, त्यामुळे रोज भांडण. अशाच एका मोरोक्कन घरात १९८० मध्ये योस्सी जन्मला. बेर्शेवा इथून पस्तीसेक किलोमीटर, तिथल्या हापोएलमध्ये तो तयार झाला. पंधराव्या वर्षी आयॅक्स क्लबने अ‍ॅमस्टरडॅमला नेलं, घरचे सगळे बरोबर गेले, पण पोराचं मन लागेना. वर्षाच्या आत परत आला.

१९९८ च्या हंगामातला शेवटचा सामना मी विसरणार नाही. हापोएल बेर्शेवा वरच्या विभागातून बाहेर पडायच्या काठावर. अगदी शेवटी पेनल्टी मिळाली आणि ती घ्यायला पुढे आला हा १८ वर्षांचा पोरगा. गोलकीपरने अडवली. चेंडू उसळून परत त्याच्याकडेच आला आणि त्याने तो आत घातला. माझ्या वडिलांना क्रिकेटपलीकडे कशाचं देणंघेणं नव्हतं, तेसुद्धा खुर्चीतून उठले. तरी संघ खाली गेलाच. टीव्हीवर योस्सी मैदानात हमसून हमसून रडताना दिसला आणि आमची आई म्हणाली, "अरे, कुणीतरी त्या लेकराला जवळ घ्या."

तिथून तो मक्काबी हैफाला गेला, दोन वेळा लीग जिंकला, २००२ मध्ये स्पेनला रासिंग सांतांदेरकडे, २००५ मध्ये वेस्ट हॅम, २००७ मध्ये लिव्हरपूल. पुढे चेल्सी, आर्सेनल, क्वीन्स पार्क रेंजर्स. स्पेन आणि इंग्लंड मिळून सलग १२ वर्षं. बर्कोविच, रेव्हिवो, रोझेन्थाल हे आमचे मोठेच खेळाडू, पण इतक्या वरच्या पातळीवर इतका काळ कोण टिकलं? श्पीगलरचं सगळं मान्य करूनही मी हेच विचारतो: त्याच्यासमोर आठवड्यामागून आठवडे कोण उभं असायचं, आणि योस्सीसमोर कोण?

कूपरेजचा जुना प्रेक्षक

दिमोनाकर, लेख मनापासून लिहिलाय, पण निष्कर्ष पटला नाही.

माझं वय आता ७३. १९६४ मध्ये मी भायखळ्याला शाळेत होतो. आशियाई चषक तेव्हा इस्राएलमध्ये झाला. कित्येक देशांनी माघार घेतल्यामुळे चारच संघ उरले होते: इस्राएल, भारत, दक्षिण कोरिया, हाँगकाँग. चुनी गोस्वामींच्या संघाने कोरियाला हरवलं, हाँगकाँगला हरवलं आणि इस्राएलकडून ०-२ असा हरला. त्यातला पहिला गोल श्पीगलरचा. आपण दुसरे आलो. स्पर्धेत सर्वाधिक गोल दोघांचे, प्रत्येकी दोन: आपला इंदर सिंग आणि त्यांचा श्पीगलर. आशियाई चषकात भारताने त्यापेक्षा वरचं स्थान आजतागायत मिळवलेलं नाही. म्हणून हे नाव माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलंय.

आता मुख्य मुद्दा. इस्राएल विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एकदाच खेळला, १९७० मध्ये मेक्सिकोत. उरुग्वेकडून हरले. मग तोलुका गावी स्वीडनने गोल केला आणि तीनच मिनिटांत श्पीगलरने लांबून जोरदार फटका मारून बरोबरी केली. नंतर इटलीशी ०-०, ज्या इटलीने पुढे अंतिम सामना गाठला. विश्वचषकात इस्राएलच्या नावावर आजही गोल एकच आहे. तो ज्याने मारला त्याला दुसऱ्या क्रमांकावर बसवायचं तर त्यासाठी फार भक्कम कारण लागेल. "१२ वर्षं टिकला" हे मला तेवढं भक्कम वाटत नाही.

लाल_पुणेकर

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, बेनायून कसा खेळायचा ते नुसत्या वर्षांच्या हिशेबात येणार नाही.

२५ फेब्रुवारी २००९. भारतात मध्यरात्र उलटून गेलेली, सव्वाला सामना सुरू. कोथरूडच्या खोलीत आम्ही चौघं, आवाज बारीक ठेवलेला, कारण खाली घरमालक. रेआल माद्रिदचं बेर्नाबेऊ मैदान, समोर आमचं लिव्हरपूल, स्कोअर ०-०, ८२ वं मिनिट. फाबिओ ऑरेलिओने उजवीकडून फ्री किक टाकली आणि त्या उंच उंच बचावपटूंच्या मधून डोकं लावलं कुणी, तर आमच्या संघातल्या सगळ्यात किरकोळ दिसणाऱ्या माणसाने. ०-१. त्या रात्री घरमालक वर आलेच. परतीच्या सामन्यात आमच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ४-०, पण दार उघडलं होतं ते योस्सीने.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फुलहॅमविरुद्ध भरपाई वेळेत एकमेव गोल, तोही त्याचाच. त्या मोसमात आम्ही ८६ गुण मिळवून, फक्त दोन सामने हरून दुसरे आलो. तीन वर्षांत १३४ सामने, २९ गोल. हॅटट्रिक तीन, तिन्ही वेगवेगळ्या स्पर्धांत: चॅम्पियन्स लीगमध्ये बेशिक्ताशविरुद्ध (तो सामना ८-० झाला), एफए कपमध्ये हॅव्हंटविरुद्ध, प्रीमियर लीगमध्ये बर्नलीविरुद्ध.

त्याची एक लकब आठवा. चेंडू घ्यायच्या आधीच खांदा एका बाजूला झुकवायचा, समोरचा तिकडे कलला की हा दुसऱ्या बाजूने निघालेला. पळण्यात तो फार वेगवान कधीच नव्हता, पण पहिलं पाऊल नेहमी त्याचं असायचं.

मध्यरेषा

मी लिव्हरपूलवालाच, पण मला त्याच्याबद्दल जी हळहळ आहे ती इथे कुणी मांडत नाही.

प्रशिक्षक बेनितेझच्या हाताखाली त्याला कधीच आपली जागा पक्की वाटली नाही. दोघांचं जमत नव्हतं, हे त्याने नंतर उघड सांगितलं. एका सामन्यात गोल, पुढच्या सामन्यात बेंच. २०१० मध्ये तो वैतागून निघाला, इथवर समजतं. पण गेला कुठे? चेल्सीला! जिथे मधल्या फळीत आधीच गर्दी होती. काही महिन्यांतच टाचेच्या वरची शीर दुखावली, शस्त्रक्रिया झाली, मोसमाचा मोठा भाग वाया गेला. मग आर्सेनलकडे उसना, मग वेस्ट हॅमकडे उसना. तिशीतली तीन मोलाची वर्षं अशी तुकड्यातुकड्यांत गेली.

आर्सेनलसाठी शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमविरुद्ध त्याने गोल केला, सामना ३-२ जिंकला आणि तिसरं स्थान पक्कं झालं. तिथल्या लोकांना तो अजून आवडतो. पण एखाद्या संघाचा तो खऱ्या अर्थाने केंद्र होता, सगळा खेळ त्याच्याभोवती फिरायचा, असा संघ सांतांदेर आणि वेस्ट हॅम. त्याच्या पुढे कुठेच नाही. "सर्वांत मोठा" म्हणताना मला हे अडतं. श्पीगलर नेतान्याच्या संघाचा प्राण होता, त्याच्यामुळे त्या छोट्या गावाने लीग जिंकली.

अश्दोदची सारा

मला दोन्ही बाजूंच्या मांडणीत एक गोष्ट खुपते. तुम्ही सगळे एकेकट्या माणसाबद्दल बोलताय.

२००६ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी मी नवऱ्याबरोबर रामात गानच्या मैदानात बसून पाहिली. आमचा गट फ्रान्स, स्वित्झर्लंड, आयर्लंड असा. सप्टेंबर २००४ मध्ये पॅरिसला जाऊन ०-० केलं. ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडशी २-२, दोन्ही गोल योस्सीचे. हे त्याचं श्रेय आहे, नाकारत नाही. पण मार्च २००५ चा तो आठवडा कुणाचा होता? आयर्लंडविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधली अब्बास सुआनने, चार दिवसांनी फ्रान्सविरुद्ध बरोबरीचा गोल वलिद बादीरचा. दोघेही अरब. आयर्लंडच्या सामन्यात माझ्या पुढच्या रांगेतला माणूस आधी पूर्ण वेळ अब्बासला नावं ठेवत होता, आणि गोल झाल्यावर तोच "अब्बास, अब्बास" करत रडत होता. माझ्या नवऱ्याने त्याला पाण्याची बाटली दिली.

तो संघ दहाच्या दहा सामने न हरता राहिला. स्वित्झर्लंडएवढेच १८ गुण, आणि गोलफरकाने घरी. माझ्या मते इस्राएलचा सर्वांत मोठा क्षण तो संघ होता, आणि योस्सी त्यातला एक. राष्ट्रीय संघासाठी शंभराहून जास्त सामने, कितीतरी वर्षं कर्णधार, पण त्याच्या कारकिर्दीत आम्ही एकाही मोठ्या स्पर्धेला पोचलो नाही. कर्णधाराला हे लागतं.

दिमोनाकर

साराताई, अब्बास आणि वलिद यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, माझ्या लेखात ते यायलाच हवं होतं. पण "एकाही स्पर्धेला पोचलो नाही" याचा दोष योस्सीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं, आणि काकांच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे.

१९७० ला इस्राएल मेक्सिकोला कसा पोचला? तेव्हा आम्ही आशियाच्या वाटेने खेळत होतो. उत्तर कोरियाने खेळायला नकार दिला. न्यूझीलंडला हरवलं, मग ऑस्ट्रेलियाशी दोन सामने, १-० आणि १-१. झालं, विश्वचषक. १९७४ मध्ये आशियाई संघटनेने आम्हाला बाहेर काढलं, मग वर्षानुवर्षं कुठे ओशनियात, कुठे आणखी कुठे असे वणवण फिरलो आणि १९९४ मध्ये युएफाचे पूर्ण सदस्य झालो. योस्सीच्या वाट्याला आली ती युरोपची वाट. २००८ च्या युरो स्पर्धेसाठी गटात क्रोएशिया, रशिया, इंग्लंड. त्यात आम्ही २३ गुण मिळवले, इंग्लंडचेही २३! रशियाला घरी २-१ हरवलं. इंग्लंडही त्या युरोला गेला नाही, म्हणून तिथे कुणी त्यांच्या खेळाडूंना लहान म्हणत नाही.

श्पीगलरला योस्सीची वाट मिळाली असती तर तोही बहुधा पोचला नसता. योस्सीला श्पीगलरची मिळाली असती तर एकदा नाही, दोन-तीनदा गेला असता, असं माझं ठाम मत आहे.

मध्यरेषा, चेल्सीबद्दल तुमच्याशी सहमत. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणीच खूश नव्हतं.

कूपरेजचा जुना प्रेक्षक

वाट सोपी होती हे अर्धंच खरं आहे. सिडनीला जाऊन, दिवसभराचा विमानप्रवास करून, ऑस्ट्रेलियाच्या गर्दीपुढे खेळायचं होतं, आणि तिथला गोलही श्पीगलरचाच. शिवाय ते खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळत. सराव संध्याकाळी, मैदानं खडबडीत. मी मुंबईत हारवूड फुटबॉल लीग खेळलोय, नोकरी करून खेळणं म्हणजे काय ते मला माहीत आहे: शनिवारी गुडघा सोलवटला की सोमवारी त्याच गुडघ्यावर लोकल पकडायची.

आणि १९६८ विसरू नका. मेक्सिको ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत बल्गेरियाशी बरोबरी झाली, आणि निकाल कशावर? चिठ्ठी काढून! त्या काळी पेनल्टी शूटआउट नव्हतं. चिठ्ठी उलटी निघाली आणि हे घरी. दोन वर्षांनी तोच संघ विश्वचषकात इटलीपुढे उभा राहिला. बाहेर खेळायची संधी श्पीगलरला उशिरा मिळाली, तिशीच्या आसपास, पण मिळाली तेव्हा तो पॅरिसला खेळला, न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये पेलेच्या बरोबरीने खेळला. पंचविशीत त्याला कुणी इंग्लंडला नेलं असतं तर? तुम्ही योस्सीसाठी "असतं तर" धरता, मग मलाही धरू द्या.

लाल_पुणेकर

काका, चिठ्ठीची गोष्ट मला माहीतच नव्हती. वाचून वाईट वाटलं.

तरी मी योस्सीकडेच. दिमोनाकर, एक विचारू? तुमच्या गावात आता मुलं काय खेळतात?

दिमोनाकर

दोन्ही. जागा अजून एकच आहे. आमच्या पोरांचं क्रिकेट शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, सुटल्यावर दिव्यांखाली चालतं, आणि माझा धाकटा त्या वेळी पलीकडे फुटबॉल खेळत असतो. चेंडू घ्यायच्या आधी तो खांदा डावीकडे झुकवतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही, त्याने ते मोबाइलवर पाहिलंय.

काका, सिडनीचा गोल मी हिशेबात धरला नव्हता, ते माझं चुकलं. पण मत माझं तेच. पुढच्या शुक्रवारी १९६८ ची चिठ्ठी जेवणाच्या टेबलावर मांडतो, आमचे थोरले बंधू श्पीगलरवाले आहेत, त्यांना भलताच आनंद होईल.