शब्दचर्चा: वाटी ‘बदलतात’, की वाटीला काही ‘बसवतात’?

चकोर

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची रचना कशी करतात, यावर मराठीत लिहितो आहे. मांडीच्या हाडाकडचा भाग झाला, नडगीकडचा झाला, गाडी अडली ती वाटीपाशी. वाटीच्या मागच्या, म्हणजे सांध्याकडच्या अंगाची कूर्चा झिजली की तेवढं अंग कापून तिथे पॉलिथिलिनचा एक गोल तुकडा बसवतात. या क्रियेला ‘रीसरफेसिंग’ म्हणतात, तुकड्याला ‘पटेलर कंपोनंट’, आणि शस्त्रक्रियागृहात सरळ ‘बटण’. मराठीत काय म्हणावं?

आतापर्यंत सुचलेले पर्याय: वाटीबदल, वाटी-प्रत्यारोपण, पृष्ठरोपण, अस्तर, चकती, बटण आणि कल्हई. शेवटचा एका मित्राचा, आणि तो गंभीर आहे. वाचणार अभियांत्रिकीची मुलं. शब्द वाचून वस्तू डोळ्यांपुढे आली पाहिजे एवढीच अट.

मात्रावेलांटी

‘प्रत्यारोपण’ आधी बाद करा. एका ठिकाणचं जिवंत काढून दुसरीकडे रोवायचं, ते प्रत्यारोपण: मूत्रपिंड, यकृत, त्वचा. घडवलेली वस्तू शरीरात बसवली तर ते नुसतं रोपण. वर्तमानपत्रांनी ‘गुडघा प्रत्यारोपण’ इतकं रुळवलंय की आता ते कुणाला खटकतही नाही, पण अभियांत्रिकीच्या मुलांना तरी धड शब्द द्या. ‘सांधेरोपण’ आहेच, त्याच धर्तीवर ‘पृष्ठरोपण’ व्याकरणाला चालेल. कानाला चालेल का, ते तुम्ही ठरवा.

काठीवाली

आम्हा पेशंटांना विचाराल तर सगळे ‘वाटी बदलली’ असंच सांगतात. मला शस्त्रक्रियेनंतर कितीतरी दिवस वाटत होतं की माझं हाड काढून तिथे प्लॅस्टिकचं हाड घातलंय. क्ष-किरण चित्रात वाटी जागच्या जागी दिसली तेव्हा मी घाबरून विचारलं, म्हणजे बदललीच नाही का? तेव्हा कळलं की वाटी माझीच आहे, फक्त तिची मागची बाजू नवी आहे. आणि ते प्लॅस्टिक चित्रात दिसतच नाही म्हणे, मध्ये नुसती फट दिसते.

रंधा

काठीवालीबाईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. ‘वाटीबदल’ चुकीचा आहेच, पण मला त्याहून जास्त खुपतो तो ‘वाटी’ हा शब्द. म्हणजे बोलण्यात असू दे, पण रचना शिकवताना तो घात करतो.

वाटी म्हटलं की मुलं समजतात, आतून खोलगट आणि मांडीच्या हाडाच्या गोल टोकावर पालथी घातलेली. वस्तुस्थिती उलटी. खोलगट आहे ते मांडीचं हाड: त्याच्या पुढच्या अंगाला उभी पन्हळ असते. वाटीच्या मागच्या बाजूला मधोमध, खरं तर थोडा आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या, बाजूला सरकलेला, एक उभा कंगोरा असतो आणि त्याच्या दोन्हीकडे उतरते पैलू. बाहेरच्या बाजूचा पैलू जास्त रुंद. कंगोरा पन्हळीत उतरतो आणि गुडघा वाकेल तसा तिच्यातून घसरत खाली जातो.

हे डोक्यात नसेल तर पॉलिथिलिनचा तुकडा घुमटासारखा फुगीर का करतात ते कळणारच नाही. मुलं विचारतात, ‘सर, वाटीच्या आत बसवायचा तर तो खोलगट नको का?’ दरवर्षी एक तरी विचारतोच.

मात्रावेलांटी

दोष मराठीचा नाही हो. ‘पटेला’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटलीच. आणि सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे जे पाच प्रकार सांगितलेत, त्यांत गुडघ्याचं हाड ‘कपाल’ या प्रकारात घातलंय, खांदा, गाल, टाळू, डोकं यांच्या पंक्तीला. कपाल म्हणजे खापर, पसरट भांडं. तीन भाषांना एकच भांडं दिसलं, कारण तिघींनी बाहेरून पाहिलं.

जाता जाता: स्नायूच्या कंडरेत तयार होणाऱ्या असल्या हाडांना ‘तिळासारखी’ या अर्थाचं नाव आहे, आणि वाटी ही त्यांतली सगळ्यात मोठी. तीळ म्हणे!

आडसांध

मी या शस्त्रक्रिया करतो, म्हणून टेबलावर काय होतं ते सांगतो. शब्द त्यातूनच सापडेल.

वाटी उलटी करून आधी कॅलिपरने जाडी मोजायची. समजा २३ मिलिमीटर भरली. करवतीने मागचा ९ मिमीचा काप काढला, उरलं १४. साधारण १२ मिमीच्या खाली हाड उरू द्यायचं नाही, नाहीतर पुढे वाटीच मोडते. मग साच्यातून तीन भोकं पाडायची, सिमेंट लावायचं, ९ मिमीचं बटण दाबून बसवायचं आणि चिमट्याने आवळून धरायचं. कडेने बाहेर आलेलं सिमेंट ते मऊ आहे तोवरच खरवडून काढायचं. पुन्हा कॅलिपर: २३ आले पाहिजेत. एखादा मिलिमीटर कमी चालेल, जास्त नको.

शेवटी गुडघा वाकवून बघायचा, वाटीला अंगठ्याने आधार न देता. आधाराशिवाय ती पन्हळीतून सरळ गेली तर ठीक. बाहेरच्या बाजूला कलली की समजायचं, कुठेतरी बिनसलंय. पुष्कळदा दोष वाटीत नसतो, मांडीच्या किंवा नडगीच्या भागाचा पीळ चुकलेला असतो आणि पकडली जाते बिचारी वाटी.

आता ‘कल्हई’बद्दल. कल्हई मूळ भांडं न कापता वरून चढते. इथे जेवढं काढलं तेवढंच परत भरायचं असतं. कल्हई समजून कुणी हाड न कापता वर तुकडा चढवला, तर सांधा दाटेल, पुढचा स्नायू ताणला जाईल आणि गुडघा पुरता वाकणार नाही. तेव्हा ‘कल्हई’ नको. ‘अस्तर’ही याच कारणासाठी नको.

चकोर

‘सांधा दाटणे’ उचलला! ‘ओव्हरस्टफिंग’साठी मी ‘अतिभरण’ लिहून ठेवलं होतं, ते खोडतो.

रंधा

तुकड्यासाठी माझं मत ‘चकती’ला नाही. चकती दोन्हीकडून सपाट असते. इथे एक बाजू सपाट, तिला खुंट्या. दुसरी बाजू फुगीर. ‘बटण’ हाच शब्द उत्तम. तो आकाराला जवळचा आहे, बोलण्यातला आहे, आणि डॉक्टर-नर्स सगळे तोच वापरतात.

फक्त त्याच्या जाती नीट सांगा. पहिली घुमटी: सगळ्या बाजूंनी सारखी गोल. बसवताना थोडी फिरली तरी बिघडत नाही, कारण गोलाला फिरल्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून ती लोकप्रिय. तोटा असा की घुमट पन्हळीला थोड्याच जागी टेकतो आणि सगळा भार तेवढ्यावर येतो. सपाट चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या जवळपास निम्मा भार असतो, जिन्यावर तिपटीहून जास्त आणि खोल उकिडवं बसताना सात-आठ पट. एवढा भार इवल्याशा टेकणीवर आला की पॉलिथिलिनची सहनशक्ती संपते.

दुसरी जात पैलूदार, म्हणजे मूळ हाडासारखा कंगोरा आणि उतार असलेली. टेकणी मोठी, दाब कमी. पण ती जराशी फिरवून बसवली गेली की कंगोरा पन्हळीच्या काठावर चढतो. कागदावर पैलूदार जिंकते. हातात घेतल्यावर मी तरी घुमटीच निवडीन. शस्त्रक्रिया माणूस करतो, आणि माणसाच्या हाताला थोडी सवलत देणारी वस्तू ही चांगली रचना, असं मी मानतो.

मधली एक जात आहे, माथ्याला घुमट आणि कडेला किंचित अंतर्वक्र उतार, रुंद काठाच्या टोपीसारखी. तिला ‘टोपीदार’ म्हणा.

आडसांध

रंधा, एक भर. घुमटी बटण वाटीच्या अगदी मध्यावर बसवत नाहीत, थोडं आतल्या बाजूला सरकवतात, कारण मूळ कंगोराही तिकडेच होता. मध्यावर बसवलं की वाटी बाहेर कलायला बघते. बाहेरच्या बाजूला जे हाड उघडं राहतं त्याची कड तासून टाकायची, नाहीतर ते धातूवर घासतं.

आणि सगळेच शल्यविशारद दरवेळी बटण बसवतात असंही नाही. काही जण वाटी आहे तशी ठेवतात. त्यावरचा वाद जुना आहे आणि शब्दचर्चेत मिटणार नाही.

मात्रावेलांटी

‘बटण’ला माझी हरकत नाही, पण मग क्रियेला काय? ‘बटणरोपण’ हास्यास्पद आहे.

काठीवाली

‘वाटीला बटण बसवलं.’ कुणालाही कळतं. नाम हवंच कशाला?

चकोर

मथळ्याला नाम लागतं हो. तिथे ‘वाटीचं पृष्ठरोपण’ लिहीन आणि मजकुरात ‘बटण बसवणे’. आता उरलेली किरकोळ, पण मला छळणारी यादी. बटण हाडात खोल बसवायचं की वर ठेवायचं असे दोन प्रकार आहेत, ‘इनसेट’ आणि ‘ऑनले’. आणि ‘वेअर’ आणि ‘क्रीप’ दोन्हींना मी ‘झीज’च लिहितो आहे, ते चुकतंय असं वाटतं.

मात्रावेलांटी

पहिल्याला ‘जडवलेलं’ आणि ‘बसवलेलं’. जडवलेल्याभोवती हाडाची कड राहते ना? तिला ‘कोंदण’ म्हणा. शब्द तयार आहे, वापरा. आधीच ‘पैलू’ आलाय, त्याला सोबत होईल.

रंधा

कोंदण झकास. हाडाची कड बटणाला चहूबाजूंनी धरते, आडव्या रेट्याने ते सरकत नाही. बसवलेल्या बटणात तो रेटा खुंट्या आणि सिमेंट सोसतात. मुलांना हेही सांगा की हे सिमेंट डिंकासारखं चिकटवत नाही. ते हाडाच्या छिद्रांत शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि अडकून बसतं. म्हणून ‘चिकटवणे’ लिहू नका, ‘सिमेंटमध्ये बसवणे’ लिहा. एकच जाड खुंटी मध्ये ठेवायची तर वाटीच्या ऐन मध्यात मोठं भोक पडतं आणि हाड तिथेच कमजोर होतं. तीन बारीक खुंट्या काठाकडे वाटल्या की ते टळतं.

झिजेचं म्हणाल तर फरक पाळायलाच हवा. झीज म्हणजे पदार्थ सुटून जातो, त्याचे सूक्ष्म कण होतात, कण आजूबाजूच्या पेशींना डिवचतात, आणि त्या पेशींच्या करणीने शेजारचं हाड विरघळायला लागतं. क्रीपमध्ये कण सुटत नाही. पदार्थ भाराखाली हळूहळू दबून पसरतो. त्याला ‘चेपणे’ म्हणा, नाम ‘चेप’. पुन्हा काढलेल्या घुमटी बटणांवर दोन्ही दिसतं: माथा चेपून पसरट झालेला आणि त्यावर घासल्याचे ओरखडे. गंमत अशी की चेपलेल्या माथ्याची टेकणी वाढते, म्हणजे तो दाब आपणच कमी करून घेतो. झिजेत मात्र असला काही दिलासा नाही.

आडसांध

पॉलिथिलीन जुनं होतं तेही लिहा. पूर्वी हे भाग हवेत ठेवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे. किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटतात, तुटक्या टोकांशी ऑक्सिजन संयोग पावतो आणि पदार्थ ठिसूळ होतो. पुढे ऑक्सिजन वगळून वेष्टन करायला लागले. काही प्रकारांत ई जीवनसत्त्वही मिसळतात, ते या मोकळ्या टोकांना शांत करतं.

चकोर

इतिहासाचा एक परिच्छेद घालतो आहे, तोही तपासा. १९५५ मध्ये मॅकीव्हर यांनी वाटीच्या मागच्या बाजूवर बसणारं विटॅलियमचं, म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचं, कवच प्रसिद्ध केलं. ते स्क्रूने पक्कं करायचे. पण समोरच्या पन्हळीवरची कूर्चा मूळचीच होती, धातू तिच्यावर घासत राहायचा. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कला इन्सॉल आणि सहकाऱ्यांच्या ‘टोटल काँडिलर’ गुडघ्यात पन्हळही धातूची आणि वाटीला पॉलिथिलिनचं घुमटी बटण, अशी जोडी आली. १९७९ मध्ये फक्त वाटी आणि पन्हळ एवढ्याच सांध्याच्या रोपणाचे अहवाल आले. १९८० च्या दशकात बटणाच्या पाठीला धातूची पत्री लावून पाहिली, तिला मी ‘धातुपाठी बटण’ म्हटलंय.

आडसांध

इतिहास बरोबर. पत्रीचं का फसलं तेही लिहा. एकूण जाडी वाढवता येत नव्हती, मग धातूने जागा खाल्ली आणि पॉलिथिलीन काठाला फारच पातळ झालं. ते झिजून आरपार गेलं की धातूवर धातू घासायचा. कुठे खुंट्या पत्रीपासून तुटल्या, कुठे प्लॅस्टिक पत्रीवरून सुटलं. गुडघा उघडला की आतलं सगळं काळं पडलेलं असायचं, धातूच्या चुऱ्याने. असे परत आलेले गुडघे ज्याने उघडलेत तो ते विसरत नाही.

मात्रावेलांटी

‘धातुपाठी’ मात्र बदला. व्याकरणवाल्यांना त्यात पाणिनी दिसतो. धातुपाठ म्हणजे क्रियापदांच्या मूळ धातूंची यादी, आणि ती पाठ असलेलं बटण ही कल्पना माझ्याच्याने सोसवत नाही.

रंधा

‘पत्रीचं बटण’ म्हणा आणि सोडा.

चकोर

लिहिलं. आता ‘पटेलर ट्रॅकिंग’ला काय? ‘मार्गक्रमण’ वाचून वाटी प्रवासाला निघाल्यासारखी वाटते.

काठीवाली

माझ्या व्यायाम घेणाऱ्या ताई ‘वाटीची चाल’ म्हणायच्या. ‘चाल सरळ आहे तुमची, आता जिना चढा.’

आडसांध

चाल. आम्हीही तेच म्हणतो.