एका केंद्रावर चार मतं, आणि घरातली नावं दोन प्रभागांत: मनपा मतदानाबद्दल शंका

कदमवाडीकर

१५ जानेवारी २०२६ च्या कोल्हापूर महापालिका मतदानाबद्दल विचारायचं आहे. २०१५ ला एक वॉर्ड, एक नगरसेवक, एक बटण असा सरळ हिशेब होता. आता ८१ जागा २० प्रभागांत बसवल्यात, १९ प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात पाच. दारात येणाऱ्या प्रत्येक पत्रकावर "पॅनेल टू पॅनेल", म्हणजे आमच्या चौघांनाही एकत्र मत द्या, एवढंच लिहिलंय, रीत कुणी सांगत नाही.

चारपैकी दोनच जागांवर मत द्यायचं असेल तर चालतं का? चार जागांवर चार वेगळ्या पक्षांना दिलं तर मत बाद होतं का? प्रभागात सर्वांत जास्त मतं मिळालेले पहिले चार निवडून येतात, असं एकानं सांगितलं, ते खरं का?

दुसरा घोळ यादीचा. घरात पाच मतदार. तिघांची नावं आमच्या प्रभागात, आईचं शेजारच्या प्रभागात, आणि धाकट्या भावाचं कुठंच नाही. त्यानं नोव्हेंबरात ऑनलाइन अर्ज भरला होता, विधानसभेच्या यादीत नाव दिसतंय. आई ७४ वर्षांची, नजर कमी. राजकारण नको, माहिती असेल तर सांगा.

मतदान_अधिकारी_२

यंत्रापासून सुरू करतो, कारण रांगा तिथंच तुंबतात.

तुमच्या प्रभागात चार जागा म्हणजे एकाच खोलीत चालणाऱ्या चार स्वतंत्र निवडणुका. अ, ब, क, ड. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. या रंगांचा कुठल्या पक्षाशी संबंध नाही. यंत्रावर चिकटवलेला कागद ओळखायला सोपा जावा एवढंच कारण. उमेदवार कमी असतील तर दोन जागा एकाच यंत्रावर वर-खाली येतात, जास्त असतील तर यंत्रं वाढतात. त्यामुळे "चार जागा म्हणजे चार यंत्रं" हे डोक्यात धरून आत जाऊ नका. रंग बघा आणि कागदाच्या माथ्यावरचं अक्षर बघा.

पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचतो. दुसऱ्याकडे सही किंवा अंगठा आणि बोटाला खूण. तिसरा कंट्रोल युनिटवरून तुमच्यासाठी यंत्र मोकळं करतो. मग आत जाऊन अ जागेचं एक बटण, ब चं एक, क चं एक, ड चं एक. दाबलं की त्या नावासमोर लाल दिवा लागतो. एका जागेला मत एकच, तेच बटण पुन्हा दाबून काही वाढत नाही. चारही झाले की लांब बझर वाजतो. तो वाजला म्हणजे मतदान संपलं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. दोनच जागांवर बटण दाबून बाहेर आलात तर यंत्र अडकून राहतं. बझर वाजत नाही, पुढच्या मतदाराला यंत्र मोकळं करता येत नाही, आणि अधिकारी तुम्हाला हाक मारून परत आत पाठवतात. ज्या जागेवर कुणीच पसंत नाही तिथं शेवटचं "वरीलपैकी कोणीही नाही" (नोटा) हे बटण दाबायचं. ते प्रत्येक जागेला वेगळं असतं. एकदाच नोटा दाबला की चारही जागा सुटल्या असं होत नाही, लोक हमखास इथं चुकतात.

एखाद्या जागेवर बिनविरोध निवड झाली असेल तर त्या जागेचं मतदानच होत नाही, तिथं तीनच बटणं दाबायची.

आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, नसतं. चिठ्ठी दिसली नाही म्हणून केंद्रात वाद घालू नका, स्थानिक निवडणुकीत ती नाहीच.

पेठेतला_हिशेबनीस

पहिले चार निवडून येतात हे साफ चूक. मोजणी जागेनुसार होते. समजा अ जागेवर सात जण उभे आहेत आणि मतं फुटून ३,९०० वाली बाई जिंकली. ड जागेवर सरळ लढत झाली आणि ६,००० घेतलेला गडी पडला. तो पडलाच. त्याची मतं अ जागेकडं बघत नाहीत. समान मतं पडली तर चिठ्ठी.

चार जागांवर चार वेगळे पक्ष, किंवा तीन पक्ष आणि एक अपक्ष, काहीही चालतं. बाद होण्याचा प्रश्नच येत नाही.

आता पॅनेलची गोम. उमेदवारांचा क्रम प्रत्येक जागेला वेगळा लागतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या अक्षरानुसार. म्हणजे एकाच पक्षाचा उमेदवार अ मध्ये दुसरा, ब मध्ये पहिला, ड मध्ये तिसरा असू शकतो. "वरनं दुसरं बटण चार वेळा" असं कुणी पाठ करून दिलं असेल तर चार पक्षांना मतं जातील. युतीत तर एका प्रभागात दोन-तीन वेगळी चिन्हं असतात. अपक्षांचं चिन्ह जागेप्रमाणे बदलतं, आणि अ मधली शिट्टी व ड मधली शिट्टी एकाच माणसाच्या गटाची असेल याची खात्री नाही. चिन्ह आणि नाव दोन्ही वाचा.

पत्रकं पॅनेलचीच का येतात, तर आपल्या महापालिकेत एका उमेदवाराची खर्चाची मर्यादा ९ लाख आहे आणि एकत्र छापलेल्या पत्रकाचा खर्च चौघांत वाटून दाखवता येतो. चार स्वतंत्र पत्रकं कोण काढेल? मतदारानं मात्र चौघं एकत्र उचलायची काही सक्ती नाही. पॅनेलमध्ये एक वजनदार नाव असतं आणि त्याच्या मागून तीन पास होतात, हीच तर सगळी मेख आहे. माझं मत विचाराल तर प्रत्येक जागेची नावं वेगळी काढून शपथपत्रं वाचावीत.

आणि एक, अ म्हणजे मानाची जागा आणि ड म्हणजे दुय्यम असं काही नसतं. आरक्षणाच्या क्रमानं अक्षरं लागतात. आधी अनुसूचित जाती-जमाती, मग मागास प्रवर्ग, मग सर्वसाधारण महिला, आणि खुली जागा सहसा शेवटी. म्हणून तालेवार मंडळी ड मध्ये सापडतात. आरक्षण उमेदवाराला असतं, मतदाराला नाही. महिला जागेला पुरुषांनीही मत द्यायचं असतं, हे दरवेळी सांगावं लागतं.

यादी_भाग_क्रमांक

यादीचा प्रश्न मी घेतो.

महापालिकेची स्वतःची मतदार यादी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी उचलतो आणि ती प्रभागांत फोडतो. या वेळी १ जुलै २०२५ रोजी विधानसभेच्या यादीत जी नावं होती तीच धरली आहेत. तुमच्या भावानं नोव्हेंबरात नमुना ६ भरला, नाव विधानसभेच्या यादीत चढलं, पण तोवर गाडी निघून गेली होती. विधानसभेच्या संकेतस्थळावर नाव दिसणं आणि प्रभागाच्या यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला यंदा मत देता येणार नाही. केंद्रावर ओळखपत्र दाखवून भांडून उपयोग नाही, तिथल्या अधिकाऱ्याला नाव घालायचा अधिकारच नाही.

आईचं नाव फोडताना पलीकडे गेलंय. असं का होतं ते सांगतो. कोल्हापुरात ओळखपत्रावरचे पत्ते अजून सिटी सर्व्हेच्या ए, बी, सी, डी, ई वॉर्डांवर चालतात. "ई वॉर्ड" म्हटलं की कसबा बावडा आला, कदमवाडी आली, ताराबाई पार्क आला, राजारामपुरीही आली. पत्त्यात नुसतं "ई वॉर्ड" आणि घर नंबर असेल, गल्लीचं किंवा कॉलनीचं नाव नसेल, तर यादी फोडणाऱ्यानं कुठं टाकायचं? तो शेजारच्या नावांकडं बघून टाकतो. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधोमध किंवा नाल्यानं गेली असेल तर कडेची घरं हमखास चुकतात. त्यात घरातल्या एकाचं नाव जुन्या यादी भागात आणि बाकीच्यांचं नव्या भागात असेल तर कुटुंब फुटलंच.

प्रारूप यादी नोव्हेंबरात लागली होती, तेव्हा हरकत घेऊन हे दुरुस्त झालं असतं. अंतिम यादीनंतर बदल नाही. आईला मत द्यायचा हक्क आहे, पण त्या शेजारच्या प्रभागात, तिथल्या केंद्रावर, तिथल्याच उमेदवारांना. तुमच्या गल्लीतल्या उमेदवाराची चिठ्ठी घेऊन त्या जाऊ नयेत.

नाव शोधायला आयोगाचं मतदार यादीचं संकेतस्थळ किंवा "मताधिकार" ॲप वापरा. नावापेक्षा ओळखपत्राचा क्रमांक टाकून शोधा. मराठी नावांची रोमन स्पेलिंग तीन तऱ्हेनं लिहिलेली असतात. प्रभाग क्रमांक, यादी भाग, अनुक्रमांक आणि केंद्राचं नाव या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं तीच शाळा असेल असं धरू नका.

नावासमोर दोन तारे दिसले तर घाबरू नका. ते दुबार नोंदीचा संशय म्हणून आहेत. कुठल्या केंद्रावर मत देणार हे आधी लिहून दिलं नसेल तर केंद्रावर हमीपत्र घेतात, ओळख नीट तपासतात आणि मत देऊ देतात. पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

रिंगरोड_पलीकडं

यात एक जोडतो. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडीकडचे बरेच जण पत्ता "कोल्हापूर" लिहितात आणि विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये मत देतात. ती गावं महापालिकेच्या हद्दीत नाहीत. हद्दवाढीचं गाडं १९७२ ला महापालिका झाल्यापासून अडलेलंच आहे. तिथं ज्यांचं नाव त्यांना मनपाचं मत नाही. उलट, राहायला पाचगावला गेलाय पण नाव अजून मंगळवार पेठेच्या यादीत आहे, अशा माणसाचं नाव यादीत आहे तोवर केंद्रावर त्याला अडवत नाहीत.

कदमवाडीकर

भावाचा विषय संपला म्हणायचा. आईबरोबर आत जाता येईल का? मी त्या केंद्राचा मतदार नाही. आणि ओळखपत्र मोबाईलमध्ये आहे, ते चालेल का?

मतदान_अधिकारी_२

आधी मोबाईलचं. केंद्रात मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे त्यातलं ओळखपत्र काही कामाचं नाही. मूळ कागद न्या. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक. झेरॉक्स धरत नाहीत. उमेदवाराच्या टेबलावरची चिठ्ठी फक्त अनुक्रमांक शोधायला, तिला ओळखीचा पुरावा म्हणत नाहीत.

अंध किंवा स्वतः बटण दाबता न येणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. सोबती १८ वर्षांवरचा हवा, एकानं एकाच मतदाराचं काम करायचं, आणि कुणाला मत दिलं ते बाहेर सांगणार नाही असं लिहून द्यावं लागतं. परवानगी केंद्राध्यक्ष देतात. नजर थोडी कमी आहे, चिन्ह दिसतं, एवढ्यावर ते सहसा "त्यांना एकट्यांना जाऊ द्या" म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. घरी चार कागद घ्या, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. प्रत्येकावर तीन-चार चिन्हं काढा, खाली नोटा, आणि आईंना चारदा बोट ठेवायला लावा. चष्मा विसरू नका. खोलीत उजेड कमी असेल तर केंद्राध्यक्षांना सांगा, दिवा सरकवतात.

वेळ सकाळी ७.३० ते सायंकाळी ५.३०. एका मतदाराला चार बटणं म्हणजे विधानसभेच्या मानानं रांग सावकाश सरकते. वयस्कर माणसांना सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी दोन-तीनला न्या. साडेपाचला रांगेत असलेल्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, म्हणजे मागून कुणी घुसत नाही.

आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असं कळलं तर निघून जाऊ नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि पाकिटात सीलबंद ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निकालाला कोर्टात आव्हान दिलं तर तेच कामाला येतं.

शाहूपुरी_३री_गल्ली

नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर काय होतं, हे वर कुणी लिहिलं नाही म्हणून. "नोटा वाया जातो" हे लोकसभा-विधानसभेबद्दल ठीक. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकीत राज्य आयोगाचा २०१८ चा आदेश असा, की एखाद्या जागेवर नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर कुणालाच विजयी जाहीर करायचं नाही, त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही नोटाच पुढं राहिला तर मात्र उमेदवारांत जो पहिला तो निवडून येतो.

पेठेतला_हिशेबनीस

बरोबर, पण आपल्याकडं तालमी, मंडळं आणि भावकी एवढी घट्ट आहे की त्या आदेशाची वेळ येईल असं वाटत नाही. नोटा दाबणाऱ्यानं दाबावा, आकडा निकालपत्रात छापून येतो.

निकालानंतरचं एक आताच सांगून ठेवतो, कारण चार सदस्यांत हा त्रास होणार. निवडून आलेले चौघंही संपूर्ण प्रभागाचे. कायद्यात प्रभागाचे चार तुकडे नाहीत. "ती गल्ली माझ्याकडं नाही, ड वाल्याकडं जा" असं सांगणं ही त्यांची आपसातली वाटणी. गटार, पाणी, दिवा यांसाठी चौघांच्या नावे एकच अर्ज लिहा, प्रत विभागीय कार्यालयात द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, यांपैकी तुमचं कुठलं ते घरफाळ्याच्या बिलावरून कळेल. पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातनं सोडू नका.

कदमवाडीकर

रंगीत कागद आणायला निघालोय. आईचं केंद्र सापडलं, रस्त्याच्या पलीकडची शाळा.