मदत हवी आहे: २०० एमबीपीएसचा प्लॅन, नवा राउटर, वेग ९४ वरच अडकतोय

कोथरूडचा फ्लॅट. नेट कंपनीचा फायबरचा डबा (मोडेम) दाराशी, राउटर हॉलमध्ये, मध्ये भिंतीतल्या पाइपातून १२ मीटर वायर. डबा आणि राउटर दोघांचा आयपी पत्ता (नेटवर्कमधली ओळख) एकच, १९२.१६८.१.१, असल्याने राउटरचा बदलून १९२.१६८.५०.१ केला, नेट सुरू झालं. पण राउटरच्या वॅन पोर्टची (डब्याकडून येणारी वायर जिथे लागते तो पोर्ट) लिंक १०० एमबीपीएसच दाखवते; डब्याला लॅपटॉप छोट्या वायरने थेट लावला की १००० ची लिंक, वेग १९५. म्हणजे भिंतीतली वायरच. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात, त्यामुळे नेट बंद पडत नाही आणि दोष लपतो.

दोन्ही टोकांचे आरजे-४५ (वायरच्या टोकाचे प्लग) कापून नवे क्रिंप करावेत (दाबून बसवावेत), की सरळ नवी कॅट-६ (गिगाबिटची नेटवर्क वायर) ओढावी? पाइपात दोन काटकोनी वळणं आहेत, हीच धास्ती. तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) साधा केबल टेस्टर कितीला मिळेल? आणि डबा ब्रिज मोडवर (डबा फक्त सिग्नल पुढे देतो, नेटचं लॉगिन राउटर करतो) टाकताना पीपीपीओईच्या (त्या लॉगिनच्या) युजरनेम-पासवर्डसोबत व्हीलॅन आयडीही (कंपनीच्या लाइनवर नेटसाठी ठरवलेला क्रमांक) कंपनीकडून मागून घ्यायचा ना?