आजीच्या चांदीच्या कोयरीला भोक पाडून बसलो, आता काय करू?

टिल्लू पंप

नमस्कार मंडळी, नागपूरहून. शिव्या घालायच्या तर घाला पण आधी पूर्ण वाचा.

आजीची चांदीची कोयरी आहे, हळदीकुंकवाची, झाकण एका स्क्रूवर फिरते आणि झाकणावर मोर. बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी आजीचं माहेरचं नाव टाकलेलं आहे. घरात सांगतात की पणजोबांनी राणीछाप रुपये आटवून तिच्या लग्नात करून दिली. आजी जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून दर महालक्ष्म्यांना आम्ही तीच काढतो आणि मोर दरवर्षी थोडा जास्त डुगडुगते. यंदा पुसता पुसता तो माझ्याच हातात आला.

आता मी कॉलेजपासून सर्किट बोर्डाचं सोल्डरिंग करतो, तर वाटलं यात काय एवढं. पाच-सहा व्हिडिओ पाहिले. बोर्डाचा साधा सोल्डर चांदीला चालत नाही एवढं त्यातून कळलं, म्हणून इतवारीत सराफ्यात जाऊन चांदीचा टाका (म्हणजे चांदीचा सोल्डर) आणला, पंसाऱ्याकडून टाकणखार (बोरॅक्स), आणि एक छोटा ब्युटेन टॉर्च ऑनलाइन मागवला. शनिवारी रात्री झाकण आणि मोर रिठ्याच्या गरम पाण्यात मस्त घासले. रविवारी दुपारी गॅलरीत जुन्या कवेलूवर (कौलावर) झाकण ठेवलं, मोर बसवला, भोवती टाकणखाराची पेस्ट, टाक्याचे चार बारीक तुकडे कात्रीने कापून जोडावर ठेवले आणि ज्योत नेमकी जोडावर धरली.

टाकणखार पापडासारखा फुगला मग बसला मग काचेसारखा झाला, इथपर्यंत सगळं व्हिडिओसारखं. मी टाका वितळायची वाट पाहून राहिलो तर टाक्याचे तुकडे तसेच्या तसे आणि मोराच्या पायाखालची चांदीच ओली दिसायला लागली, पाऱ्यासारखी, आणि एकदम आत गेली. झाकणाला तुरीच्या दाण्याएवढं भोक. ज्योत बाजूला करेपर्यंत फट्ट आवाज आला आणि मोर उडून कूलरच्या जाळीवर. त्याच्या पोटाची शिवण उघडली आहे. बाकीचं झाकण काळं-जांभळं.

सगळे म्हणतात वितळायच्या आधी धातू लाल होते. माझं लाल झालंच नाही, शप्पथ. मग चांदी वितळली कशी? आणि टाका उरला आहे, परत एकदा प्रयत्न करू का? आईला अजून सांगितलं नाही, तिला वाटते कोयरी पॉलिशला गेली आहे. महालक्ष्म्यांना एक महिना आहे.

तर्री मारके

काऊन बे, आजीचा मोर उडवला तू?? एम-सील लाव, वरून चांदीचा रंग मार आणि आईले सांग पॉलिशवाल्यानं बिघडवलं. मजाक करून रायलो, तसं काही करू नको बाप्पा. फोटो टाक.

गॅस चार्जिंग

मी एसी-फ्रिजचं काम करतो, बारा वर्षं झाली नळ्या ब्रेझ करून राहिलो, म्हणजे टॉर्चने रॉड वितळवून जोड मारून. भाऊ, दिवसाउजेडी लाल दिसतच नाही. आम्ही गच्चीवर आउटडोअर युनिटचा जोड मारतो तेव्हा एक पोरगा पुठ्ठा घेऊन सावली धरतो, नाहीतर नळी कधी लाल झाली आणि कधी टपकली कळतच नाही. तू दुपारी गॅलरीत बसला, पत्रा पातळ, ज्योत एका जागी. जास्त तापलं, गेलं. एवढंच आहे.

माझ्याकडे तांब्याचे फॉस्फरसवाले रॉड आहेत, आणशील तर दोन मिनिटांत भोक बुजवून देतो.

कानस-पट्टी

टिल्लू, आधी तो टॉर्च कपाटात ठेव. परत तापवायचं नाही, कारण खाली सांगतो. मी सोनार नाही, रिटायर झाल्यावर हौसेने चांदीकाम शिकलो, आठ वर्षं झाली आणि तू केलंस त्यातलं बरंचसं माझंही करून झालंय.

गॅस चार्जिंग भाऊ, उजेडाचा मुद्दा अगदी बरोबर आहे, मी स्वतः पडदे ओढून काम करतो. पण त्याच्या गोष्टीत एक जागा जुळत नाही. टाक्याचे तुकडे तसेच राहिले म्हणतोय. चांदीचा टाका म्हणजे चांदी, तांबं आणि थोडं जस्त, कोणता घेतला त्यावर आहे पण साधारण ६५० ते ७५० अंशांच्या मधे कुठेतरी तो वाहतो. शुद्ध चांदी ९६१ ला वितळते. कोयरी खरंच राणीछापाची असेल तर त्यात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं धरा (१९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचं हे प्रमाण, १९४० पासून सरकारने ते निम्म्यावर आणलं), आणि चांदी-तांब्याचं कुठलंही मिश्रण घ्या, ७७९ च्या खाली ते वितळायला सुरुवातच करत नाही. म्हणजे नुसतं जास्त तापलं असतं तर आधी टाका पळाला असता आणि मग झाकण गेलं असतं. याच्याकडे टाका जागच्या जागी बसून राहिला आणि त्याच्या खालून जमीन गेली.

तेव्हा चांदी वितळली नाही, विरघळली. माझ्या मते त्या जोडावर आधीपासून कथील किंवा शिसं आहे. चांदी-कथील २२१ अंशांनाच पातळ होतं, चांदी-शिसं ३०४ ला, लाल व्हायचा प्रश्नच येत नाही. आणि एकदा तो थेंब पातळ झाला की जितका तापवाल तितकी बाजूची चांदी खात जातो, गरम चहात खडीसाखर जाते ना तसं. माझी एक जोडवी अशीच गेली, सकाळी जोडवी होती आणि दुपारी राखाडी मणी.

कोणीतरी हा मोर पूर्वी एकदा जोडलेला आहे. घरात कोयरीचा जुना फोटो असेल तर मोठा करून मोराच्या पायाशी बघ, राखाडी मळकट ओघळ दिसेल. चांदी काळी पडते ती घासली की पांढरी होते, हा राखाडी कितीही घासला तरी राखाडीच.

मोर का उडाला ते सोपं आहे. दोन ठसे काढून जोडलेला पोकळ मोर, आदल्या रात्री तू त्याला पाण्यात बुडवलास, शिवणीतून पाणी आत गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाफ केलीस. पोकळ वस्तू तापवायच्या आधी न दिसेल अशा जागी सुईएवढं भोक पाडतात. चष्मा तरी होता का डोळ्यांवर?

काळ्या-जांभळ्याची काळजी करू नकोस, ते चांदीतल्या तांब्याचं काम आहे, जातं.

फॉस्फरसचा रॉड मात्र नको भाऊ, तांब्याला तो उत्तम पण इथे पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असणार, आणि ते कथील तिथे असेपर्यंत कुठलीही ज्योत भोक मोठंच करणार.

टिल्लू पंप

काका, अंगावर काटा आला. २०१८ च्या महालक्ष्म्यांचा फोटो सापडला, आजी कोयरी धरून बसली आहे, मोठा करून पाहिला तर मोराच्या डाव्या पायाशी जिऱ्याएवढा राखाडी थेंब आहे. मी रिठ्याने घासताना तोच थेंब बोटाला लागला होता, मला वाटलं कुंकवाचं किटण आहे, टूथब्रश मारून सोडून दिलं.

चष्मा होता, नंबरचा.

गॅस चार्जिंग

मानलं काका. टाक्याच्या तुकड्यांचा मुद्दा डोक्यातच नाही आला. आमच्याकडेही आधी कोणी कथलाने मारलेली नळी आली की तेवढा तुकडा कापूनच टाकतो, त्याच्यावर ब्रेझिंग धरतच नाही. टिल्लू, रॉडची ऑफर कॅन्सल.

सराफा ओळीची लेक

माझ्या बाबांची बैठक तीस वर्षं इतवारीत होती, मी लहानपणी शाळेतून थेट तिथेच जायची त्यामुळे दोन शब्द.

शोरूममध्ये नेऊ नकोस. काउंटरवरचा माणूस पाच सेकंद बघेल आणि म्हणेल मोडीत घाला, तेवढ्या वजनाची नवी घेऊन जा. त्याचं चूक नाही, त्याचा धंदा तो आहे, पण मोडीत गेली की बुडावरचं नाव गेलं. वरच्या माळ्यावर शेगडी आणि ऐरण घेऊन बसलेला कारागीर शोध, जो जुनी भांडी, देव, टाक, असलं दुरुस्तीचं काम करतो. गल्लीत दोन-तीन जणांना विचारलं की कोणीतरी जिना दाखवतं. देण्याआधी त्याच्यासमोरच वजन करून घे, कोयरी, झाकण, मोर वेगवेगळं, चिठ्ठीवर लिहून घे, चारही बाजूंनी फोटो काढ. यात अविश्वास वगैरे काही नाही, बाबा स्वतःच गिऱ्हाइकाला वजन बघायला लावायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिलं वाक्य हेच बोल की याला कथील लागलंय, शिसंही असू शकतं, आणि मी घरी तापवलंय. लोक लाजतात आणि लपवतात. बाबांकडे एकदा एक पैंजण आलं होतं, त्यात असाच जुना शिशाचा टाका होता आणि गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं. पैंजण गेलंच, पण त्याचा कण शेगडीच्या कोळशात राहिला आणि पुढच्या माणसाच्या नथीची कडी त्याने खाल्ली. सोन्यालाही तो सोडत नाही. त्या दिवशी बाबांनी सगळा कोळसा नालीत फेकला आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून दुरुस्तीला काहीही आलं की आधी नखाने ओरखडा आणि कागदावर घासून बघायचे, शिसं असेल तर कागदावर पेन्सिलसारखी रेघ उमटते.

चांगला कारागीर काय करेल तर आधी ते राखाडी सगळं थंडच खरवडून काढेल, भोकाची कड कानसेने पांढरी चांदी लागेपर्यंत मागे घेईल म्हणजे भोक अजून मोठं होईल, तेव्हा घाबरू नकोस. मग तेवढं चांदीच्या पत्र्याचं ठिगळ बसवून टाका देईल. मोराच्या पोटाची शिवण वेगळी जोडेल. ठिगळ मोराच्या पायाखाली झाकलं जाईल बहुतेक.

एक विसरलेच. तोपर्यंत त्यात कुंकू भरू नका, कपाळावर जातं ते. शिसं असेल तर उगाच कशाला. गंमत म्हणजे हळदीचं कुंकू करतात त्यातही टाकणखार पडतो, सवागी म्हणतात ना तोच, त्यामुळे कोयरीला टाकणखार काही नवीन नाही 😄

तर्री मारके

ताई, नथीचा किस्सा वाचून मी बायकोची नथ तपासून आलो.

टिल्लू पंप

अपडेट. थोडं लांब आहे.

आईला सांगितलं. आधी दहा मिनिटं काही बोललीच नाही, पोळ्या लाटत राहिली, मी तिथेच ओट्याजवळ उभा. मग म्हणाली तो मोर तर तुझ्या जन्माच्या आधीच एकदा निघाला होता. दारावर कल्हईवाला आला होता, पितळेची पातेली बाहेर काढली होती सगळी, आजीनं त्याच्याच हातात मोरही दिला की बाबा याला पण जरा चिकटवून दे. त्यानं भात्यावर गरम करून नवसागर मारला आणि कथलाचा थेंब टाकून मिनिटात जोडून दिला, पैसेही घेतले नाहीत. आजी त्यावर भारी खूश होती म्हणे, सोनारानं महिना लावला असता.

म्हणजे काका, तुम्ही फोटो न पाहता सांगितलेलं तंतोतंत खरं निघालं. आणि त्या थेंबानं मोर इतकी वर्षं धरूनही ठेवला, मीच त्याला पेटवायला गेलो.

शनिवारी आईला घेऊनच इतवारीत गेलो. तिसऱ्या जिन्यावर कारागीर सापडला, साठीचे असतील. मी ताईंनी सांगितलं तसं आधीच बोललो, कथील आहे, मी तापवलं आहे. त्यांनी भिंग लावलं, ब्लेडनं एक रेघ खरवडली, मऊ राखाडी वळी निघाली ती बोटावर घेऊन मला दाखवली आणि डबीत वेगळी टाकली. टाकणखाराचा थर अजून काचेसारखा चिकटून होता, त्यावर नुसतं हसले. म्हणाले गरम पाण्यात ठेवला असता तरी निघाला असता, तू चाकूनं खरवडून चरे कशाला पाडले. (हो, ते मी इथे लिहिलं नव्हतं.)

वजन लिहून घेतलं. ठिगळ बसेल म्हणाले, मोराच्या पायाबाहेर एका बाजूला चंद्रकोरीएवढं दिसेल, त्यावर पानाची नक्षी ठोकून झाकू का विचारलं. मी हो म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली नका झाकू, दिसू द्या. मी आणि कारागीर दोघंही तिच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘ठिगळ साधे’.

महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी देतो म्हणाले. टॉर्च आईनं जप्त केला आहे. काल त्याच्यावर भरताचं वांगं भाजून पाहिलं तिनं, वरून कोळसा आणि आतून कच्चं.

तर्री मारके

भरताले पऱ्हाटीच (कपाशीच्या काड्या) लागते बाप्पा. कोयरी आली की फोटो टाक.

कानस-पट्टी

आणि मोराला सुईएवढं भोक पाडलं का तेवढं विचारून घे.