पिकेटची प्रेमपत्रं : जनरलची की त्याच्या विधवेची?

तिरकस_वाचक
परवा इथे कोणीतरी अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या जनरल पिकेटने बायकोला, सॅलीला, लिहिलेली पत्रं टाकून 'आता असं कोण लिहितं हो' असा उसासा सोडला. खाली बदामांचा सडा. अहो, तेव्हा तरी कुठे लिहिलं होतं? पिकेट गेला १८७५ ला, पत्रांचं पुस्तक आलं १९१३ ला, संपादक स्वतः बाई. इतिहासकार गॅरी गॅलघरने दाखवून दिलंय की मजकूर वॉल्टर हॅरिसनच्या १८७० च्या पुस्तकावरून उचललाय. म्हणजे १८६३ त गेटिसबर्गच्या रणांगणावर बसलेला नवरा सात वर्षांनी छापून येणारं पुस्तक बायकोला उतरवून पाठवतोय! आणि हा गडी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ५९ जणांत ५९ वा.

सांजवात
ती पोस्ट माझी. शेवटचा नंबर आला म्हणून बायकोला धड चार ओळी लिहू नयेत? माझे बाबा मॅट्रिकला दोनदा बसले. आईला आलेली त्यांची पत्रं वाचाल तर तोंडात बोट घालाल.

तिरकस_वाचक
बाबांची पत्रं बाबांनीच लिहिली असतील, वाद नाही. या बाईंचं सगळंच रचलेलं. म्हणे १८५२ साली किनाऱ्यावर छत्रीखाली एकटाच बसलेला उदास विधुर दिसला, डांग्या खोकला झालेली चार वर्षांची पोर छत्रीत शिरली आणि तिथेच मन जडलं. जन्म १८४३ चा! नऊ वर्षांची घोडी होती. सप्टेंबर १८६३ त पीटर्सबर्गला लग्न लागलं तेव्हा वीस पूर्ण. सांगायची पंधरा.

नणंदबाई
वय चोरलं म्हणून एवढा थयथयाट? आमच्या घरात एकीचं वय लग्न ठरेपर्यंत तीन वर्षं तेवीसच होतं. नवरदेव ३८ चा होता, त्यावर मात्र चकार शब्द नाही.

रिचमंडकर
१४ वर्षं व्हर्जिनियात काढली, म्हणून बोलतो. छत्री कसली घेऊन बसलात? सॅलीच्या बापाच्या मळ्यात राबणारे गुलाम होते. १८६४ त नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टनला याच हळव्या नवऱ्याने २२ कैदी फासावर दिले. त्याआधी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर हायडा जमातीच्या बायकोपासून झालेला मुलगा होता, जेम्स. त्याचा बाप कुठल्या पुस्तकात हळवा होतो? बाईंनी जन्मभर दक्षिणेचं गोडगोड चित्र विकलं आणि आपण बदाम देतोय.

सांजवात
प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच. मी मळा विकत घ्या म्हटलं नव्हतं.

कोकणातली_थोरली
एक सांगते. आजोबा मुंबईला गिरणीत, आजी गावी. त्यांची पत्रं आत्याने वहीत सुवाच्य अक्षरात उतरवली आणि मूळ कागद बंबात घातले. वही वाचताना कळतं की 'प्रिय' हा शब्द आजोबांचा नाही. ते 'अनेक आशीर्वाद, पैसे पोचले का कळव' असं लिहिणारे. आत्याला विचारलं तर म्हणाली, "त्यांना तेच म्हणायचं होतं."

तिरकस_वाचक
बंबात?! पुरावा जाळला तुमच्या आत्याने! पोस्टाचे शिक्के, तारखा, सगळंच गेलं.

कोकणातली_थोरली
तोंड सांभाळून. आजीनेच सांगितलं होतं जाळायला. तिची पत्रं, तिचा बंब.

नणंदबाई
बरोबर! मेल्यावर नातवंडांनी चव्हाट्यावर वाचण्यापेक्षा बरं.

रिचमंडकर
मग इतिहास कशावर लिहायचा, बंबातल्या राखेवर?

नणंदबाई
तुमच्या आईची पत्रं टाका आधी इथे, मग बोला.

रिचमंडकर
आईवर जायचं काम नाही.

तिरकस_वाचक
बरं, एवढं मान्य करतो. नवरा गेल्यावर ज्या सरकारविरुद्ध तो लढला त्याच सरकारच्या पेन्शन कचेरीत, वॉशिंग्टनला, बाईंनी कारकुनी केली आणि मुलगा वाढवला. दिवसभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांची पेन्शन, आणि आपल्याला एक पै नाही. घरी येऊन स्वतःलाच पत्रं लिहिली असतील तर लिहोत बापड्या. पण मग मुखपृष्ठावर 'जनरल पिकेटची पत्रं' छापू नये.

सांजवात
केवढं मोठं मन! मूळची दोन-चार खरी असतील असंही म्हणून टाका आता.

तिरकस_वाचक
असतील. 'पैसे पोचले का कळव' वाली.

कोकणातली_थोरली
आत्याला फोन केला होता. दोन कागद जाळले नाहीत म्हणते. दाखवत मात्र नाही.