पोटरी सारखी फडफडते, वडील एमएनडीनं गेले – कुठं दाखवू?

कापूसवाला_परभणी:
नमस्कार मंडळी. वय ३६, शेती आणि बियाण्याचं दुकान. दिवाळीपासून डावी पोटरी फडफडते. आता दंड, पापणी, अंगठ्याचं मूळ, कुठंही सुरू होतं. ताकद आहे, सरकीचं पोतं एकटा उचलतो. पण वडील एमएनडीनं (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाण्याचा आजार) गेले. सुरुवातीला चालता चालता त्यांच्या पायातली चप्पल मागं राहायची. मग हात गेले, मग गिळणं. आत्याही शेवटी पाय ओढत चालायची. तेव्हा सगळे लकवाच म्हणाले. आता मी रोज टाचांवर चालून बघतो, आरशात जीभ बघतो. बायको वैतागली आहे. न्यूरॉलॉजिस्टला गाठू का? आणि जीनची तपासणी करावी का? धाकट्या भावाला अजून काही बोललो नाही.

लातूरची_फिजिओ:
दादा, आधी ताकदीचं बघा. एमएनडीत फडफड असते, पण तिच्यासोबत स्नायू सुकतो, पाऊल लोंबतं, शर्टाची गुंडी लागत नाही, बोलणं जड होतं. ताकद शाबूत आणि फडफड अंगभर जागा बदलत फिरणारी असेल तर बहुतेक वेळा ती निरुपद्रवी निघते. जागरण, चहाचा मारा आणि काळजी यांनी ती वाढते, आणि तुमच्याकडं काळजीचा तुटवडा दिसत नाही.
तरी घरचा इतिहास बघता इथल्या धीरावर थांबू नका. न्यूरॉलॉजिस्टकडून एकदा नीट तपासून घ्या. गरज वाटली तर ते ईएमजी करतील. बारीक सुई स्नायूत घालून त्यातली विजेची हालचाल बघतात. टोचतं, पण सहन होतं. थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बी-१२ या तपासण्याही विचारा. सगळं नॉर्मल आलं तर टाचांवरची परेड बंद. रोज अशी परीक्षा घेऊन पाय थकतात आणि थकलेला स्नायू जास्तच उडतो.

मोंढ्यातला_माणूस:
फवारणी स्वतः करता का भाऊ? मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस असली औषधं अंगात गेली की स्नायू उडतात. सोबत घाम, लाळ, मळमळ, बाहुल्या बारीक होणं. असं काही दिसलं तर थेट सरकारी दवाखाना, धागा वाचत बसू नका. डॉक्टरला फवारणीचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

कापूसवाला_परभणी:
फवारणी गडी करतो, मी फक्त औषध कालवून देतो. हातमोजे नसतात हे खरं. पण पंप ठेवून महिने झाले, फडफड चालूच आहे.

गोदाकाठ_नांदेड:
जीनचं मी सांगतो, आमच्या घरात हे होऊन गेलंय. एमएनडीचे शंभरातले नव्वदच्या आसपास रुग्ण असे की घरात आधी कुणालाच नव्हतं. तुमच्याकडं आत्याचाही प्रश्न आहे, म्हणून विचारणं बरोबर. आनुवंशिक असेल तर बहुतेक प्रकारांत मुलाला सदोष जीन मिळण्याची शक्यता निम्मी, आणि तो जीन असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही.
पण एक गोम आहे. तपासणी आधी आजारी माणसाची करायची असते. त्याच्यात कोणता बदल होता हे माहीत नसेल, तर तुमच्या 'निगेटिव्ह' रिपोर्टचा अर्थ अर्धवटच. वडील नाहीत, म्हणून लॅबला रक्त द्यायच्या आधी जेनेटिक काउन्सेलिंग (आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाचा सल्ला) घ्या. आपल्याकडून पुण्यापेक्षा हैदराबाद सोपं. रेल्वेनं जाता येतं. तिथं निम्स रुग्णालयात मेडिकल जेनेटिक्सचा विभाग आहे. बंगळुरूचं निमहान्स (मेंदू आणि नसांच्या आजारांची संस्था) मोठं, पण लांब.
जीन कळण्याचा उपयोग नाही असं कुणी म्हटलं तर पूर्ण खरं नाही. एसओडी१ जीनमधल्या बदलामुळं होणाऱ्या प्रकारावर टोफर्सन नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. बाकीच्या जीन्सवर तसं काही हाताशी नाही, तेव्हा जाणून घ्यायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. भावाला मात्र आधी सांगा. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याचीही झोप जाणार, मग त्याला विचारून रक्त द्यायला काय हरकत?

कापूसवाला_परभणी:
भावाशी बोलतो. वडिलांची फाइल माळ्यावर असेल. आत्याचं काही मिळायचं तर सेलूला तिच्या सासरी विचारावं लागेल.

लातूरची_फिजिओ:
विचाराच. आत्या कितव्या वर्षी आजारी पडली, आधी हात गेला की पाय, बोलणं कधी बिघडलं, अचानक झालं की हळूहळू, एवढं लिहून न्या. तिच्या मुलांनाही काय चाललंय ते सांगा. आणि अपॉइंटमेंटच्या तारखेआधी पाऊल उचलायला जड गेलं किंवा घास अडकायला लागला, तर तारखेची वाट बघू नका.