पंखे फिरतात, पण पडदा काळा

घणसोलीत घरीच जोडलेल्या पहिल्या संगणकाचे पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो, म्हणून मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) परत करावा का, असे एकाने विचारले आहे. माझ्या मते इतक्यात करू नये. एएम५ बोर्डावर (एएमडीच्या प्रोसेसरसाठीचा एक प्रकार) डीडीआर५ प्रकारची मेमरी प्रथमच बसवली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवतो, आणि तोवर पडद्यावर काहीच उमटत नाही; घाबरून मध्येच बटण बंद केल्यास ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. (पावसात वीज जात असेल, तर यूपीएस आधी जोडावा.)

पाव तासानंतरही चित्र न आल्यास प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची वायर जोडली आहे का ते पाहावे. ती बहुधा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्याआड असते आणि जोडायची हमखास राहून जाते. २४ पिनांच्या मोठ्या जोडणीवर पंखे फिरत असल्याने सगळे ठीक आहे असा समज होतो. त्यानंतर मेमरीची एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, खटका लागेपर्यंत दाबून बसवावी.

एवढे करूनही बोर्ड परत करायला मुंबईच्या संगणक बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जावेच लागले, तर सॉकेटचे (प्रोसेसर बसतो त्या जागेचे) प्लॅस्टिकचे झाकण लावूनच बोर्ड न्यावा, कारण आतली एखादी पिन वाकलेली दिसली की वॉरंटी सहसा नाकारतात.